गोचीड किती दूध पितो?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज गोचिडाबद्दल बोलायचं आहे. हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला का, असं काहीजणी म्हणतील. पाऊस येतो तसा गोचीड येतो. सायंकाळी ढोरं घरी आली की कोठ्यात बसल्याबसल्या दहा-पाच गोचीड उपटायचे, दगडानं ठेचायचे, हात पदराला पुसायचे आणि चुलीकडे वळायचं. आईनं हेच केलं, सासूनं हेच केलं.

मी पशुवैद्यक आहे. चामोर्शी तालुक्यातल्या गावांत बरीच वर्षं फिरते आहे, आणि वेळ मिळाला की बचत गटांच्या बैठकीतही बसते. तिथे बायांच्या वह्या पाहायला मला आवडतात. ज्या घरी दुधाची गाय आहे तिथे ढेपीचा खर्च लिहिलेला असतो, चुनीचा असतो, रेतनाचे पैसे असतात, दावं-दोर आणलं तर तेही असतं. गोचिडाचा खर्च मात्र मी आजवर एकाही वहीत पाहिला नाही. याचं कारण सोपं आहे. ढेपेचे पैसे हातातून जातात म्हणून आपण ते लिहितो. गोचिडानं नेलेलं दूध कधी भांड्यात पडलेलंच नसतं, मग ते लिहिणार कुठे? गाय साडेपाच लिटर देते, आपण साडेपाच लिहितो. ती सहा देऊ शकली असती, हे कुणाला माहीत?

ते माहीत करून घेता येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९८ साली दुधाळ गाईंवर हा हिशेब मांडला. तिथल्या गाईंच्या अंगावरचे गोचीड मोजले आणि त्यांचं दूध मोजलं. रक्त पिऊन फुगत असलेल्या एका मादी गोचिडामागे रोजचं जवळजवळ ९ मिली दूध कमी होतं, असं त्यांना दिसलं. ९ मिली म्हणजे दोन चहाचे चमचे सुद्धा नाही. एवढंसं ऐकून कुणाला काही वाटणार नाही. आता मोजून बघू.

गोचीड मोजायची एक साधी रीत आहे. गाईच्या एकाच बाजूचे मोजायचे आणि दुप्पट करायचे. बारीक, चपटे मोजायचे नाहीत. तुरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे, फुगलेले, तेवढेच मोजायचे. मानेखालच्या पोळीपासून सुरू करा, मग कानाच्या आत बघा, बिल्ला लावलाय त्याच्या आसपास बघा, पुढच्या पायाच्या काखेत, मागच्या पायांच्या मधे, कासेवर, शेपटीच्या बुडाशी. समजा एका बाजूला ३० भरले, तर गाईवर ६० झाले. पावसाळ्यात जंगलात चरून आलेल्या संकरित गाईवर ६० ही काही मोठी संख्या नाही, तुम्ही उद्या मोजून बघा. साठ नव्वे पाचशे चाळीस. म्हणजे दिवसाला अर्धा लिटर दूध. लिटरला ३५ रुपये धरले तर साडेसतरा रुपये. पावसाचे आणि त्यानंतरचे मिळून चार महिने धरले तर १२० दिवसांचे २,१०० रुपये. एका गाईमागे.

आता गटात दहा जणी आहेत आणि दहा जणींकडे अशी एकेक गाय आहे, असं समजू. २१,००० रुपये झाले. आणि आपण महिन्याला किती टाकतो? शंभर. दहा जणींचे हजार, वर्षाचे बारा हजार. पावसात भिजत बैठकीला यायचं, एखादी आली नाही तर तिच्या नावावर दंड लावायचा, एवढं करून वर्षभरात आपण बारा हजार जमवतो आणि चार महिन्यांत गोचीड एकवीस हजार नेतो.

थोडं थांबते. ऑस्ट्रेलियातल्या त्या गाई भरपूर दूध देणाऱ्या होत्या. आपल्या गाईंना तो आकडा जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, हे मीच सांगते. तुम्ही निम्माच धरा. साडेदहा हजार होतात. तरी वर्षाची बचत जवळजवळ गेलीच की. आणि यात मी फक्त दूध धरलं आहे. एक मादी पोट भरेपर्यंत अर्धा ते एक मिली रक्त पिते, कधी त्याहून जास्त. लहान वासराच्या अंगावर शंभर-दोनशे गोचीड असले तर त्याच्या अंगात रक्त राहील कुठून? ते वाढत नाही, केस उभे राहतात, पोट सुटतं. कालवड असेल तर माजावर यायला उशीर करते, आणि तेवढे दिवस तिला बसवून खाऊ घालायचं तुम्हीच. बैल असेल तर ऐन रोवणीत, चिखलणीच्या वेळी बांधीत दमतो. हे सगळं कोणत्या रकान्यात लिहायचं? देशपातळीवरही काही जाणकारांनी हा हिशेब केला होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजात गोचीड आणि त्यांच्यापासून होणारे रोग यांमुळे भारताचं वर्षाचं नुकसान सुमारे ५० कोटी डॉलर धरलं होतं. तेव्हाच्या भावानं ते दोन हजार कोटी रुपयांच्या वर जातं. एवढा मोठा आकडा ऐकून मला तरी काही कळत नाही. तुमच्या गटाच्या एकवीस हजारांवरून जास्त कळतं.

आता ज्या नुकसानानं घर बसतं त्याबद्दल बोलते. गोचीड रक्त पितो तेवढ्यावर थांबत नाही, तो रक्तात रोग सोडतो.

आपल्याकडे मुख्य तीन रोग आहेत. पहिला थायलेरिया. जनावराला १०४-१०५ च्या वर ताप चढतो, उतरत नाही, आणि खांद्याच्या पुढे किंवा कानाखाली गाठ येते, लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी. ही गाठ हाताला लागली की उद्या बघू म्हणायचं नाही. दुसरा बबेसिया. यात लघवी काळ्या चहासारखी किंवा लाल होते. तिसरा ॲनाप्लाझ्मा. यात जनावर फिकट पडतं, डोळ्याच्या आतला भाग पांढरा-पिवळा दिसतो, शेण घट्ट होतं. तिन्हींत दूध एकदम उतरतं आणि जनावर चारा सोडतं. तिन्हींवर औषध आहे, पण वेगवेगळं आहे. थायलेरियाचं इंजेक्शन बबेसियाला चालत नाही. म्हणून डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि दुर्बिणीखाली बघतात. हा थेंब घ्यायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. ‘ताप आहे ना, द्या एक सुई’ असं म्हणून काम उरकू देऊ नका.

वैनगंगेच्या काठच्या एका गावातली गोष्ट सांगते. गाव आणि नाव सांगत नाही. एक ताई, नवरा नाही, दोन मुली शाळेत. गटातून कर्ज काढून तिनं बाहेरच्या जिल्ह्यातून संकरित गाय आणली. जून महिन्यात आणली, कारण कर्ज जूनमध्ये मिळालं. गाय देखणी, आठ लिटरची. तीन आठवडे सगळं छान चाललं. शेजारणीची गावठी गाय त्याच कोठ्याला लागून बांधलेली, तिच्या अंगावर हे एवढे गोचीड आणि ती रवंथ करत मजेत बसलेली. चौथ्या आठवड्यात नव्या गाईला ताप आला. नाला भरलेला, गावातून बाहेर निघता येईना. कुणीतरी म्हणालं, पाणी बदललं म्हणून असेल. पाचव्या दिवशी औषध मिळालं, सातव्या दिवशी गाय गेली. विमा काढायचा राहून गेला होता. गाय गेल्यावरही ती ताई दर महिन्याला बैठकीला आली आणि दर महिन्याला हप्ता भरला. दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जाऊन भरला. तिचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. ती म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई, शेजारणीच्या गाईला एवढे गोचीड आणि तिला काही नाही, माझ्या गाईला थोडेच होते, मग माझीच कशी मेली?’

या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मिळालं आहे. तिथे टेक्सास नावाचा दक्षिणेकडचा मुलूख आहे. तिथले गुराखी हजारो गुरं उत्तरेकडे विकायला हाकत न्यायचे. टेक्सासची गुरं धडधाकट असायची, पण ती ज्या वाटेनं आणि ज्या कुरणातून जायची तिथली उत्तरेकडची गुरं महिन्या-दीड महिन्यात तापानं पटापट मरायची. धडधाकट जनावरामुळे दुसरी जनावरं कशी मरतात, हे कुणाला कळेना. गोचीड कारण आहे, असं काही गुराखी म्हणायचे. शिकलेले लोक त्यांना हसायचे. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी मग एक साधी गोष्ट केली. काही दक्षिणी गुरांच्या अंगावरचे गोचीड हातानं वेचून काढले आणि त्यांना उत्तरेच्या गुरांबरोबर एका कुंपणात ठेवलं. दुसऱ्या कुंपणात गोचीड न काढता ठेवलं. जिथे गोचीड होते तिथेच उत्तरेची गुरं मेली. १८९३ साली त्यांनी हे छापलं. डासापासून मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉसनं आपल्या भारतात दाखवलं त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट. आणि ती सिद्ध कशानं झाली? हातानं गोचीड वेचून. जे काम तुम्ही रोज सायंकाळी करता.

टेक्सासच्या गुरांना काही का होत नव्हतं? कारण ती वासरू असतानाच त्यांना गोचीड चावलेले होते. लहानपणी रोग हलका होतो, वासरू त्यातून निभावतं आणि पुढे त्या रोगाला पुरून उरतं. आपल्या कठाणी गाईचं तसंच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची ही आपली लहानखुरी गाय. कठाणी नदीवरून तिचं नाव पडलं, आणि २०२२-२३ मध्ये तिला देशातली स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली. दूध कमी देते म्हणून आपण तिला नावं ठेवतो. पण तिची कातडी, तिचं सतत शेपूट हलवणं आणि स्वतःला चाटणं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, यामुळे तिच्यावर गोचीड कमी ठरतात आणि रोग सहसा जीव घेत नाही. विदेशी रक्ताची गाय या बाबतीत कोवळी असते, त्यात बाहेरच्या गावाहून आलेली असली तर जास्तच. शेजारणीची गाय टेक्सासची आणि त्या ताईची गाय उत्तरेची, असं समजा.

म्हणून संकरित गाय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घरी दोन पैसे येतील तर का घेऊ नये? आपल्या तालुक्यातल्या बंगाली वसाहतींत छेन्याला दूध लागतं, चामोर्शीच्या आणि आष्टीच्या हॉटेलांना लागतं. पण जूनमध्ये आणू नका. कर्ज जूनमध्ये मंजूर झालं तरी गाय दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर आणा. त्या वेळी गोचीड कमी असतात आणि गाईला इथल्या पाण्या-चाऱ्याची सवय व्हायला वेळ मिळतो. आणताना विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा, थायलेरियाची लस टोचली आहे का? संकरित जनावरांसाठी ही लस आहे. ती द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ठेवावी लागते, म्हणून प्रत्येक दवाखान्यात ती सहज नसते. गटानं मिळून आधी मागणी केली तर आणवता येते. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यांत ती देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना गाय किती महिन्यांची आहे ते नीट सांगा. आणि विमा पहिल्याच आठवड्यात काढा. कानातला बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवा. बिल्ला नसेल तर दावा मिळवताना नाकी नऊ येतात.

आता गोचिडाला कसं आवरायचं ते. त्याआधी त्याचा दिनक्रम समजून घ्या, कारण बहुतेकजणी जिथे मारतात तिथे तो फार थोडा वेळ असतो.

पोट भरलेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. एरंडीच्या झाडाला लॅटिन भाषेत जे नाव दिलं आहे त्याचा अर्थच गोचीड असा होतो, म्हणजे ते साम्य तिकडच्या लोकांनाही दिसलं होतं. ही मादी गाईवरून खाली पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली, शेणाच्या कडेला, तणसाच्या ढिगाखाली सरकते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. दमट हवेत काही आठवड्यांत पिलं निघतात, मोहरीहून बारीक, सहा पायांची. ती गवताच्या शेंड्यावर चढून बसतात आणि जनावर येण्याची वाट बघतात. महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. जनावराच्या अंगावर चढल्यावर साधारण तीन आठवडे राहतात, आणि मोठी झालेली मादी पुन्हा खाली पडते. दुसऱ्या एका जातीचा गोचीड तर मधेमधे उतरून भिंतीत जातो आणि पुन्हा चढतो. थायलेरिया पसरवतो तो हाच, पाय पट्ट्यापट्ट्यांचे आणि अंगानं मोठा.

यावरून दोन गोष्टी कळतात. गाईवर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचीड कोठ्यात आणि चराईच्या जागेत आहेत. आणि एकदा फवारून भागत नाही, कारण फवारणीनंतर नवी पिलं चढतातच. ती मोठी होऊन खाली पडण्याआधी, म्हणजे तीन आठवडे पूर्ण व्हायच्या आत, दुसरी फवारणी झाली पाहिजे. पहिली, मग पंधरा दिवसांनी दुसरी, मग पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरी. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, सरपणाच्या किंवा सिलिंडरच्या तारखेची करता तशी.

औषधाच्या बाटलीवर एक लिटर पाण्यात किती मिली घालायचं ते लिहिलेलं असतं. जनावरासाठीची मात्रा वेगळी आणि कोठ्यासाठीची वेगळी. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ते वाचून घ्या आणि मोजून घाला. समजा लिटरला दोन मिली लिहिलं आहे. मोठी गाय नीट भिजायला तीन लिटर पाणी लागलं तर सहा मिली औषध झालं, चहाच्या चमच्याहून थोडं जास्त. गटानं मोठी बाटली आणली तर एका गाईच्या वाट्याला येणारा खर्च चहा-भज्यांपेक्षा जास्त होत नाही. तेव्हा काटकसर म्हणून औषधात पाणी वाढवू नका. कमी मात्रेत कमजोर गोचीड मरतात आणि धट्टेकट्टे उरतात, मग त्यांच्या पिलांवर तेच औषध चालेनासं होतं. ‘आजकाल औषधात दमच नाही’ असं तुम्ही म्हणता ना, त्यातलं बरंचसं आपणच घडवलेलं आहे.

फवारायच्या आधी गाईला पोटभर पाणी पाजा, नाहीतर ती अंग चाटते. वाऱ्याकडे पाठ करा, तोंडाला फडकं बांधा, हातात मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. उन्हाचा दिवस निवडा. लहान वासराला आणि गाभण गाईला डॉक्टरांना विचारून. दूध काढण्याआधी कास धुवा. आणि धानावर फवारायचं घरातलं औषध गाईवर कधीही टाकू नका. खोडकिडीचं औषध गोचिडाला मारेल, गाईलाही मारेल. जळालेलं ऑइल, रॉकेल, हेही नको. कातडी भाजते. आणखी एक, गोचिडासाठी मिळणारी एक सुई असते, कातडीखाली देतात. ती गोठ्यातल्या भाकड जनावराला ठीक, पण तिचा अंश दुधात उतरतो. दुधाच्या गाईला ती द्यायची नाही. मेडिकलवाला देईल, तुम्ही घेऊ नका.

ज्यांना औषध नको वाटतं त्यांच्यासाठी झाडपाल्याचा एक उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानंही सांगितलेला आहे. लसणाच्या दहा पाकळ्या, कडुनिंबाचा मूठभर पाला, मूठभर निंबोळ्या, वेखंड दहा ग्रॅम, हळद वीस ग्रॅम, तुळशीचा मूठभर पाला आणि घाणेरीचा, म्हणजे आपल्या रायमुनियाचा, मूठभर पाला. सगळं वाटून एक लिटर पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि फडक्यानं किंवा पंपानं अंगाला लावायचं, भिंतीच्या भेगांतही टाकायचं. आठवड्यातून एकदा. रायमुनिया पोटात गेली तर ढोरांना विषारी असते, तेव्हा चोथा गव्हाणीजवळ टाकू नका. गोचीड थोडे असताना हा उपाय मला आवडतो. अंग गोचिडांनी भरलेलं असेल तर मात्र याच्यावर विसंबू नका.

कोठ्याचं काम मात्र तुमच्याच हातचं आहे. शहराकडच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की भिंती आगीच्या बंदुकीनं भाजून काढा. आपले कोठे बांबूचे, कुडाचे, वर तणस. भाजायला गेलो तर कोठा राहील का? आपण लिंपायचं. भेगा शेणामातीनं बुजवायच्या, भिंतींना खालचे तीन हात चुना मारायचा, गव्हाणीखालचा कचरा काढून उन्हात टाकायचा, उकिरडा कोठ्यापासून लांब न्यायचा. कोंबड्यांना दिवसा कोठ्यात मोकळं सोडायचं. गावठी कोंबडी गोचीड टिपून खाते, बगळे आणि कोतवाल ढोरांच्या पाठीवर बसतात तेही उगाच नाही. पण फवारणी केली असेल त्या दिवशी कोंबड्या आत नकोत.

हे सगळं एका घरानं केलं आणि बाकीच्यांनी केलं नाही तर फारसा उपयोग नाही. ढोरं तर एकाच आखरावर जमतात. अलीकडे वाघाच्या भीतीनं गायकी कळप आत जंगलात नेत नाही, गावाजवळच्या त्याच त्याच पडीत जागेत फिरवतो. त्याचं बरोबर आहे, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण त्यामुळे सगळ्या गावचे गोचीड त्याच तुकड्यात पडतात आणि तिथूनच चढतात. अमेरिकेनं १९०६ पासून गावोगावी हौद बांधून दर पंधरवड्याला गुरं बुडवून काढली. काही लोकांना ही सक्ती इतकी नकोशी झाली की त्यांनी हौद सुरुंगानं उडवले. तरी १९४३ पर्यंत टेक्सासच्या सीमेवरची एक पट्टी सोडली तर देश त्या गोचिडापासून मोकळा झाला. आपल्याला देश मोकळा करायचा नाही, एक आखर करायचं आहे. गावातली सगळी ढोरं एकाच दिवशी, तिन्ही वेळा. गायक्याला बैठकीला बोलवा, त्याच्याशिवाय हे होत नाही. कोणतं जनावर कुणाच्या कोठ्यातून गोचीड घेऊन येतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

दिवस कोणता धरायचा, तर पोळ्याच्या आधीचा रविवार धरा. पोळ्याला बैल धुतातच, खांद शेकतातच. त्याच आठवड्यात गाई, वासरं, म्हशी सगळ्यांची फवारणी उरका. त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांनी दोनदा.

आता हातानं ठेचण्याबद्दल. गोचीड वेचा, जरूर वेचा, पण नखानं किंवा बोटांनी फोडू नका. २०११ साली शेजारच्या गुजरातमध्ये काँगो ताप नावाचा रोग माणसांत सापडला, तो गोचिडांतून आणि बाधित जनावरांच्या रक्तातून माणसाला होतो. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापानं माणसं गेली, तोही जंगलातल्या गोचिडांतूनच. आपल्याकडे तो रोग आहे असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पण फडकं किंवा चिमटा घेऊन वेचा, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, आणि मुलांना ते काम देऊ नका. तेंदूपत्त्याला, मोहाला जंगलात जाऊन आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला हात फिरवून बघा. गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, बिडीचा चटका देऊ नका.

मागच्या वेळी घोटकडच्या एका मावशींनी विचारलं होतं की म्हशीला गोचीड का लागत नाहीत. लागतात मावशी, पण म्हैस चिखलात लोळते म्हणून कमी लागतात. ज्या म्हशीला डबकं मिळत नाही, दिवसभर बांधलेली असते, तिच्या कानात आणि शेपटीखाली बघा. शेळ्यांच्या कानातही बघा. आणि ताप चढलेला असेल, गाठ हाताला लागली असेल, लघवी लाल दिसली असेल, तर १९६२ या नंबरावर फोन लावा. तो फुकट लागतो. फोन लावताना गावाचं नाव, ताप किती दिवसांपासून आहे आणि गाय किती महिन्यांची गाभण आहे, एवढं तयार ठेवा.

पुढच्या वेळी वासराच्या जंतांबद्दल बोलू. तोपर्यंत एका बाजूचे गोचीड मोजून, दुप्पट करून, आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच गाईचे पुन्हा मोजा.